‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून स्मृतिभ्रंशाची लक्षणं छापून येतात आणि पुढे वर्षभर सामसूम असते. लक्षणं लोकांना कळायलाच हवीत. पण ज्या घरात हा आजार मुक्कामाला आला आहे, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कसं वागावं याबद्दल चार ओळीसुद्धा वाचायला मिळत नाहीत. माझ्या सासूबाईंना अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, आहे आणि त्यांचं सगळं मीच बघते, म्हणून हे पत्र.

भेटायला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?’ विचारणाऱ्याच्या मायेबद्दल मला जराही शंका नाही. पण त्या क्षणी सासूबाईंकडे नीट बघावं. आधी त्या कसनुशा हसतात. मग नजर माझ्याकडे वळते आणि बोटं मांडीवरच्या चादरीची कड चुरगाळायला लागतात. नाव आठवत नसलं, तरी आपल्याला यायला हवं होतं ते येत नाहीये, आणि तेही चारचौघांत, एवढं त्यांना पक्कं कळतं. पाहुणे अर्ध्या तासाने निघून जातात. कोण आलं होतं हे सासूबाई विसरतात, पण जिवाची घालमेल रात्रीपर्यंत थांबत नाही.

हा माझ्या मनाचा खेळ नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांना आधी दुःखी आणि मग आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. थोड्याच वेळात त्यांना फितीतलं जवळजवळ काही आठवेना, पण ती पाहून दाटून आलेली भावना मात्र टिकून राहिली. म्हणजे आपण काय बोललो हे विसरलं जाईल, पण आपण त्यांना लाजवलं की सुखावलं, ते मागे उरेल. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने एवढं ध्यानात ठेवलं तरी खूप झालं.

मग बोलायचं काय? आल्या आल्या आपणच सांगावं, ‘मी तुमचा धाकटा भाचा. तुम्ही मला सायकल शिकवलीत.’ समोर बसावं, एका वेळी एकच गोष्ट बोलावी आणि उत्तराची वाट पाहावी. टीव्ही चालू असेल तर बंद करावा. ‘सकाळी काय केलंत?’ यापेक्षा लहानपणीच्या गोष्टी काढाव्यात. नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला, हिप्पोकॅम्पसला, या आजाराची झळ लवकर बसते. जुन्या आठवणी आणि हाताला वळण पडलेली कामं त्या मानाने उशिरापर्यंत टिकतात. सासूबाई आजही टॉवेलच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालतात. आणि कृपा करून त्यांच्यादेखत ‘आता यांना काही कळत नाही हो’ असं म्हणू नये.

संध्याकाळ झाली की त्या घरातच बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. ‘अहो, हेच तर तुमचं घर’ असं कुणी समजावलं की त्या आणखी बिथरतात. मी विचारते, ‘घरी कोण कोण आहे?’ मग त्या आईबद्दल बोलतात आणि बोलता बोलता आम्ही गॅलरीत दोन फेऱ्या मारतो. काही नातेवाइकांना ही फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही. आई गेली हे दर संध्याकाळी त्यांच्या तोंडावर सांगायचं आणि दर संध्याकाळी तोच घाव नव्याने घालायचा, यात कसला खरेपणा? त्यांना त्या वेळी धीर हवा असतो.

सगळ्यात जास्त ऐकून घ्यावा लागलेला शब्द म्हणजे ‘हट्टीपणा’. मध्यंतरी आंघोळीला न्यायचं म्हटलं की न्हाणीघराच्या दारातच त्या थबकायच्या आणि मागे सरकायच्या. दारात काळं पायपुसणं होतं. एकदा त्याच्यावरून पलीकडे टांग टाकताना त्या दिसल्या आणि उलगडा झाला. या आजारात समोरचं किती खोल आहे याचा अंदाज चुकतो, गडद चौकोन खड्ड्यासारखा दिसू शकतो. पायपुसणं काढलं आणि दारातलं अडणं थांबलं. तेव्हापासून कुठल्याही ‘हट्टा’मागे काहीतरी भीती किंवा दुखणं असणार, असं धरूनच मी चालते.

याच कारणासाठी ‘एखादी शांत करणारी गोळी देऊन टाका ना’ असा सल्ला कुणी देऊ नये. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरच्या अशा काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. ती द्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. माणूस एक-दोन दिवसांत एकदम बदलला, बरळायला लागला किंवा गुंगीत राहू लागला, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं, नवीन सुरू झालेलं औषध, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं आणि त्यावर उपचार असतात. तसंच, ज्यांच्याकडे विसरणं नुकतंच सुरू झालं आहे त्यांनी ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं, म्हणून तपासणी हवीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता, आणि त्यांच्या देखभालीचे सुमारे ७० टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात. ‘तू किती करतेस गं’ हे ऐकून बरं वाटतं, नाही असं नाही, पण त्याने राहिलेली झोप भरून निघत नाही. आमचा एक भाचा मात्र अधूनमधून दुपारी येतो, सासूबाईंपुढे जुना अल्बम उघडतो आणि मला म्हणतो, ‘मामी, तू जा, झोप.’ काळजी घेणारीला मदत करायची असेल तर अशी करावी. लांब राहणाऱ्यांनी औषधांचा खर्च वाटून घ्यावा, कागदपत्रांची कामं उचलावीत.

आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती. महिन्यातून एकदा, काळजी घेणाऱ्यांच्या अडचणी आणि त्यांवर डॉक्टरांची उत्तरं, असं छोटं सदर सुरू करावं. आणि भेटायला येऊ इच्छिणाऱ्यांनी आधी फोन करून, आजारी माणूस दिवसाच्या कोणत्या वेळी ताजातवाना असतो, ते विचारावं. आमच्याकडे सकाळची वेळ चांगली असते.

आपली,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)