म्हशीनं लाथ मारली की कास बघतो, मग कुत्रं चावलं की कान का नाही बघत?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात शाहूपुरीला राहते. आमच्या घरी खंड्या म्हणून गावठी कुत्रा आहे, सहा वर्षांचा, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पावसात भिजत पडलेलं पिल्लू मिस्टर उचलून घेऊन आले तेव्हापासून आमच्यातच आहे. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाला नख लावलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मात्र तो जवळ गेलं की गुरगुरायला लागला, खाटेखाली जाऊन बसायला लागला आणि एका संध्याकाळी पट्टा घालताना सासूबाईंच्या मनगटाला कडकडून चावला.

जखम आम्ही लगेच नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतली आणि सिव्हिलला जाऊन इंजेक्शनं सुरू केली. घरचा कुत्रा आहे, त्याला लस दिलीय म्हणून थांबलो नाही आणि कुणी थांबू पण नये, कारण जनावराचा स्वभाव एकाएकी बदलला की पहिल्यांदा रेबीजचाच विचार करावा लागतो आणि तो रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही. खंड्यावर दहा दिवस बारीक लक्ष ठेवलं, खात होता पीत होता, म्हणजे ते नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. गल्लीतल्यांनी सांगितलं यवतेश्वरच्या घाटात सोडून या. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण कास पठाराला जाताना त्या वळणांवर गळ्यात पट्टा असलेली कुत्री गाड्यांमागे पळताना मी स्वतः दोनदा बघितलीत. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. एका डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी लांबूनच बघून शांत करायचं इंजेक्शन दिलं आणि सांभाळून राहा म्हणाले. कुत्र्यांना शिकवणारे एक जण घरी आले, ते म्हणाले याला मालक कोण ते कळलं पाहिजे, आणि गळा आवळणारी साखळी देऊन गेले. त्या साखळीनं आठ दिवसांत खंड्याचं गुरगुरणं बंद झालं आणि आम्हाला वाटलं सुधारला, पण झालं उलटंच, आता तो न गुरगुरता सरळ तोंड टाकायला लागला. गुरगुरणं म्हणजे त्याचं सांगणं असतं, लांब राहा म्हणून. ते मारून बंद केलं की सांगणं तेवढं जातं, राग आणि भीती तशीच राहते हे मला तेव्हा कळलं.

शेवटी वाट दाखवली ती सासूबाईंनीच, ज्यांना तो चावला होता त्यांनी. त्या खटाव तालुक्यातल्या, सगळं आयुष्य म्हशींत गेलं. त्या म्हणाल्या, "अगं त्याचं काहीतरी दुखतंय बघ. गरीब म्हैस लाथ मारायला लागली तर आपण तिला येडी म्हणतो का? कास बघतो, सड सुजलंय का बघतो. ह्याचं कुणी काय बघितलंच नाही."

खरंच कुणी बघितलं नव्हतं. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मुसकं घालून, थोडी गुंगी देऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासलं आणि डाव्या कानात आत पार खोल पू निघाला. बाहेरून कान चांगला दिसत होता. पट्टा घालताना हात नेमका त्या कानाला लागायचा आणि ती साखळी तर त्याच्या बाजूलाच आवळली जायची, काय झालं असेल त्या जीवाला.

औषधाने कान तीन आठवड्यांत बरा झाला पण पट्टा बघितला की तो तरीही खाटेखाली जायचा. दुखणं गेलं तरी दुखण्याची आठवण राहते, डॉक्टर म्हणाले ह्याला पण उपचार आहे फक्त घाई करायची नाही. पट्टा खोलीच्या त्या टोकाला ठेवायचा आणि इकडं खंड्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, पट्टा दिसला की अंडं, पट्टा गेला की अंडं बंद. रोज थोडं थोडं जवळ आणायचं आणि तो घाबरला, ओठ चाटायला लागला किंवा मान फिरवली की त्या दिवशी एक पाऊल मागं यायचं. मी वहीत रोज लिहून ठेवायचे, किती फुटांवर पट्टा होता, खंड्याने काय केलं. सहाव्या आठवड्यात त्यानं स्वतः मान पट्ट्यात घातली. सासूबाई तेव्हा शेजारीच बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यात पाणी आलं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या ओळखीत अशी किती जनावरं आहेत ज्यांना वाईट ठरवून टाकलंय. गोडोलीत आमच्या नात्यातल्या एकांचा बोका गादीवर लघवी करायला लागला, मुद्दाम करतो म्हणून मार खायचा, आणि एक दिवस त्याची लघवीच अडकली. बोक्याला लघवीला त्रास असेल तर तो कुठंही थेंब थेंब करतो, आणि पूर्ण अडकली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, हा बोका पळापळ करून कसाबसा वाचला. म्हातारी कुत्री रात्री उठून भिंतीकडे बघत भुंकतात, ओळखीच्या घरात वाट चुकतात, तर लोक म्हणतात त्याला काहीतरी दिसतंय आणि दारात लिंबू बांधतात. म्हाताऱ्या माणसांना जसा विसरण्याचा आजार होतो तसाच कुत्र्यांना पण होतो ओ, त्याला पूर्ण बरं करता येत नसलं तरी औषधं आहेत, खाण्यात बदल आहेत, त्याचे शेवटचे दिवस सुखाचे करता येतात.

आणि आता गणपती येतील मग दिवाळी. डीजे आणि फटाक्यांना घाबरून दरवर्षी कुत्री घरातून पळून जातात. लोक ऐनवेळी मेडिकलमधून गुंगीची गोळी आणून देतात, त्यातल्या काही गोळ्यांनी अंग तेवढं सैल पडतं, भीती आत तशीच असते, म्हणजे बिचाऱ्याला पळताही येत नाही. खरं तर महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना विचारलं पाहिजे. भीतीवर काम करणारी वेगळी औषधं असतात, क्लोमिप्रामीनला अमेरिकेत कुत्र्यांसाठी १९९८ मध्ये परवानगी मिळाली, फ्लुओक्सेटीनला २००७ मध्ये. म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नाही. ही औषधं रोज द्यायची असतात, परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात, आणि गोळीबरोबर ती अंड्याच्या तुकड्यासारखी शिकवणी लागतेच. पण माणसाची गोळी मनाने अर्धी मोडून कुणी देऊ नका, साधी पॅरासिटामॉल पण मांजराला विषासारखी आहे.

डॉक्टरांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. सरकारी पशुवैद्यकांवर गाई-म्हशी-शेळ्यांचा केवढा भार आहे ते आपण २०२२ मध्ये लम्पीच्या वेळी बघितलंय, गोठ्यागोठ्यात फिरून लस टोचत होते. आणि आपलं पण चुकतंच की. डॉक्टरांनी अर्धा तास बसून विचारलं, कुत्रं कुठं झोपतं, कुणाला चावलं, त्याआधी काय झालं, तर आपल्याला वाटतं हे काय नुसतं बोलले, सुई टोचली नाही मग पैसे कशाचे. मग कोण बसेल अर्धा तास? पण स्वभावाच्या तक्रारीत ते विचारणंच निम्मं निदान असतं.

आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अख्ख्या राज्यात अशी सरकारी कॉलेजं मोजकीच आहेत. माझी विनंती एवढीच की साताऱ्यात जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आठवड्यातून एक दुपार फक्त अशा जनावरांसाठी ठेवावी. आधी फोन करून वेळ घ्यायची, प्रत्येकाला पाऊण तास, शिरवळच्या शिकाऊ डॉक्टरांनी येऊन माहिती लिहून घ्यायची, आधी सगळं अंग तपासायचं आणि मग स्वभावाचं बघायचं. जनावर दवाखान्यात घाबरून वेगळंच वागतं म्हणून घरचा मोबाईलवरचा व्हिडिओ बघायची सोय असावी, त्याला खर्च काहीच नाही. फी घ्या, आम्ही देऊ, पण गरिबाच्या गावठी कुत्र्याला परवडेल अशी घ्या. खेड्यांतले लोक १९६२ या सरकारी नंबरवर फोन करून जनावराच्या आजाराचं विचारतात, तिथल्या लोकांना पण एवढं सांगून ठेवा की कुत्रं एकदम चावायला लागलं असा फोन आला तर बांधून ठेवा एवढंच सांगून फोन ठेवू नका, कुठं नेऊन दाखवायचं ते पण सांगा.

तुम्ही पण गणपतीच्या महिनाभर आधी आणि दिवाळीच्या आधी एखाद्या पशुवैद्यकांकडून चार ओळी लिहून घेऊन छापा.

पत्राखाली माझा नंबर देतेय तो छापू नका, पण दवाखान्यातल्या किंवा कॉलेजच्या कुणी विचारला तर जरूर द्या. खंड्याची ती सहा आठवड्यांची वही मी जपून ठेवलीय, म्हणतील तेव्हा घेऊन येते.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा