दोन पथ्ये, एक फडताळ

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या खेपेला निघताना तांदळाच्या पिठाच्या डब्यात एक चमचा दिसला. त्याच्या दांड्यावरच्या नक्षीत गव्हाचे पीठ घट्ट बसले होते, आणि प्रवासभर माझ्या डोळ्यांसमोरून तो हलला नाही. आई, सिलिअॅकचे निदान झाल्यापासून तू गव्हाला शिवली नाहीस हे मी जाणते. पण या आजारात ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचा, अगदी थोडा अंश पोटात गेला, तरी शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. म्हणून यावेळी सारे फडताळ नव्याने लावावे, अशी माझी विनंती आहे.

गहू, मैदा, रवा आणि दलिया सरळ घराबाहेर काढा. बाबांपुरते थोडे गव्हाचे पीठ ठेवावे असे तुमच्या मनात येईल, पण ते ठेवू नका, कारण कोरडे पीठ चाळताना उडते आणि बराच वेळ हवेत राहून शेजारच्या भांड्यांवर बसते. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. चाळणी, लाटणे आणि लाकडी चमचे मात्र नवेच घ्या, कारण जाळीत आणि लाकडाच्या भेगांत शिरलेले पीठ धुऊन पूर्ण निघेल याची खात्री देता येत नाही.

तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, राजगिरा, हरभरा आणि बदाम यांत मुळातच ग्लुटेन नसते. बार्ली (जव) आणि राय हे गव्हासारखे धान्य (मोहरी नव्हे) मात्र गव्हाइतकीच वर्ज्य आहेत. ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू मिसळू शकतो, त्यामुळे पुडीवर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेले असेल तरच आणा, आणि तेही डॉक्टरांना विचारून. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हा शब्द छापायचा तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. सोया सॉस, तयार मसाले आणि माल्ट (बहुधा मोड आणलेली बार्ली) घातलेली पेये यांच्या पुड्या चष्मा लावून वाचाव्या लागतील.

बाबा, आता तुमच्याविषयी. ग्लुटेन नसलेला पदार्थ मधुमेहाला चालतोच असे नाही, आणि मला खरी काळजी आहे ती याचीच. ग्लुटेनमुक्त म्हणून मिळणाऱ्या तयार पिठांत बहुधा तांदूळ, मका आणि बटाट्याचा स्टार्च भरलेला असतो, आणि त्याने रक्तातली साखर झपाट्याने चढते. म्हणून निम्मे पीठ हरभऱ्याचे किंवा बदामाचे घालावे, म्हणजे एकाच परातीतले तुम्हा दोघांनाही खाता येईल. अशा पिठाला चिवटपणा नसतो. कपभर पिठाला एक-दोन चहाचे चमचे इसबगोल आधी पाण्यात भिजवून, त्याची खळ झाली की मग मळले तर तुकडे पडत नाहीत. हे मी स्वतः पुष्कळ वेळा करून पाहिले आहे.

साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजूर आणून काही साधत नाही, कारण रक्तात उतरते ती साखरच. डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, फळांच्या रसाचा अर्क ही तिचीच नावे आहेत, आणि माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच चढणारी भुकटी तर ‘साखर नाही’ असे लिहिलेल्या पुडीतही सापडते. गोड हवेच असेल तर स्टीव्हिया या गोड पानांची भुकटी अगदी चिमूटभर पुरते. एरिथ्रिटॉल या साखरेऐवजी वापरायच्या पदार्थाला साखरेच्या सुमारे 70 टक्के गोडी असते, पण फार खाल्ले तर पोट बिघडते. माझे मत विचाराल तर गोडाची सवयच हळूहळू कमी केलेली बरी.

एवढे सगळे काढून टाकले, तरी साखरेची एक छोटी डबी घरात राहिलीच पाहिजे. बाबा इन्सुलिन घेतात. घाम फुटला, हात थरथरले आणि रक्तातली साखर 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली दिसली, तर लगेच 15 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची. आई, त्या डबीवर मोठ्या अक्षरांत ‘बाबांसाठी’ असे लिही आणि ती तुम्हा दोघांचाही हात पोहोचेल अशा खालच्या कप्प्यात ठेव. पुढच्या महिन्यात येताना नवी चाळणी आणि लाटणे मीच घेऊन येते.

तुमची लाडकी,
लेक