गुरुदत्त गेल्यावर मूर्तींनी काय केलं

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय संजा,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी एका लग्नाच्या अल्बमची पानं लावत बसलो होतो, त्यामुळे बोलणं धड झालंच नाही. तुझे दिग्दर्शक सर गेल्यापासून कॅमेऱ्याला डोळा लावावासा वाटत नाही, दोन कामं नाकारली, असं तू म्हणालास आणि मी आपलं "होईल रे सगळं नीट" असलं काहीतरी पुटपुटलो. फोन ठेवल्यावर माझाच मला राग आला. पंचवीस-तीस वर्षांची दोस्ती आणि बोलायला एवढंच सुचावं! आता मुहूर्त संपलेत, पाऊस लागून राहिलाय, पासपोर्ट फोटोशिवाय स्टुडिओत गिऱ्हाईक नाही. म्हणून लिहायला बसलोय. लांबेल. चहा घेऊन बस.

त्या रात्री झोप लागेना आणि सारखे मूर्ती आठवत राहिले. आपले व्ही. के. मूर्ती, गुरुदत्तचे कॅमेरामन. त्यांच्यापायी आपण मंगल कार्यालयात केलेला उद्योग तू विसरला नसशीलच. 'कागज के फूल'मधल्या गाण्यातला तो उन्हाचा झोत बघून आपलं डोकं फिरलेलं. मोकळा अंधारा स्टुडिओ, वरून तिरका उतरणारा प्रकाशाचा खांब आणि त्यात उभी वहिदा. दिव्याने असा झोत येत नाही, कारण दिव्यापासून निघालेले किरण पुढे पसरत जातात. सूर्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, म्हणून झोत शेवटपर्यंत खांबासारखा सरळ राहतो. मूर्तींनी ऊनच आत आणलं. एक मोठा आरसा बाहेर, दुसरा आत उंचावर, आणि झोत दिसावा म्हणून थोडा धूर. वाचायला किती सोपं!

आपण मामीच्या कपाटाचा आरसा खिळे काढून पळवला, दुसरा दाढीच्या दुकानातून भाड्याने आणला. कापूर, धूप आणि ओला नारळाचा काथ्या जाळून धूर केला. मॅनेजर खोकत बाहेर पळाला. आणि झोत आला की रे! तू "आला, आला" म्हणून नाचलास. तुझ्या चुलत बहिणीला त्यात उभी केली, तू व्हीएचएसच्या कॅमेऱ्यावर फोकस बघायला लागलास, आणि तेवढ्यात ऊन तिच्या नाकावरून गालावर, गालावरून कानावर, कानावरून मागच्या खांबावर. तू गच्चीकडे तोंड करून मला शिव्या घातल्यास की आरसा हलवू नकोस. मी शपथेवर सांगतो, मी श्वाससुद्धा घेत नव्हतो. दुसऱ्यांदा नेम धरताना आरसा कठड्याला लागला आणि कोपरा उडाला. मामीसमोर जायची दोघांचीही हिंमत नव्हती.

नंतर कधीतरी मी हिशेब केला. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला पाव अंश. साठ फुटांवर झोत मिनिटाला तीनेक इंच सरकणार. शॉट लावून होईपर्यंत हिरोईनचा चेहरा अंधारात. म्हणजे मूर्तींच्या सेटवरही कुणीतरी आरशाला हात लावून उभा राहिलेला असणार, मिनिटामिनिटाला केसभर फिरवत. त्याचं नाव कुठेच नाही. मला त्या माणसाबद्दल उगाच जवळीक वाटते.

आणि एक. 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, १९५९ सालचा. सिनेमास्कोपची लेन्स चित्र आडवं दाबून निम्म्यात बसवायची आणि पडद्यावर पुन्हा ताणायची. उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद फ्रेम. एवढी जागा नव्याने हातात आल्यावर दुसरा कुणी ती झुंबरांनी आणि माणसांनी भरून टाकली असती. यांनी बरीचशी काळी ठेवली. माझ्या मते खरी छाती तिथे लागते, आरशाचं कौतुक दुय्यम.

पण संजा, त्या झोताबद्दल एवढं लिहिलं-बोललं गेलंय की कधीकधी कंटाळा येतो. जणू मूर्ती नावाचा माणूस तेवढ्या एका गाण्यापुरता जन्माला आला. मला तुझ्याशी बोलायचंय ते त्याच्या पुढचं.

आधीचं भरभर सांगतो, कारण बरंचसं तुला पाठ आहे. १९२३ साली म्हैसूरला जन्म. व्हायोलिन वाजवायचे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास झाला, मग बंगळूरच्या पॉलिटेक्निकमधून १९४६ साली सिनेमॅटोग्राफीचा डिप्लोमा. मुंबईत फली मिस्त्रींचे सहाय्यक. गुरुदत्तच्या १९५१ च्या 'बाजी'ला कॅमेरामन व्ही. रात्रा होते आणि मूर्ती त्यांच्या हाताखाली. तिथे गाण्यातला एक अवघड शॉट यांनी सुचवला, आरशातल्या प्रतिबिंबावरून कॅमेरा फिरवत नेण्याचा. रात्रांनी तो त्यांनाच घ्यायला लावला आणि गुरुदत्तने पुढच्या चित्रपटापासून त्यांना आपल्याकडे ओढलं. बघ, सुरुवातही आरशानेच झाली. मला रात्रांचंही कौतुक वाटतं. सहाय्यकाच्या हातात कॅमेरा देऊन बाजूला सरकणारे कॅमेरामन आपण दोघांनी मिळून किती पाहिलेत? मला एक आठवतो. तो चहा आणायला पाठवायचा.

मग 'जाल'पासून 'साहिब बीबी और गुलाम'पर्यंतची दहा वर्षं. त्यातला 'प्यासा' आपण किती वेळा पाहिला असेल देव जाणे. पण तू धंद्यातला माणूस, म्हणून 'साहिब बीबी'मधल्या मुजऱ्याची आठवण करून देतो. मधली नाचणारी उजेडात, मागच्या साथीदारणींच्या चेहऱ्यावर उजेडाचा थेंब नाही. नुसत्या काळ्या आकृत्या गिरक्या घेतायत. उभ्या माणसाला अंधारात ठेवणं कुणालाही जमतं. नाचणारं माणूस दर मात्रेला पुढे-मागे होतं, हात उजेडात येतो, मान येते. तिथे उजेड अडवायचा कटर कुठे टांगायचा, मागची भिंत किती उजळायची, नाचणारीला किती पावलांची मोकळीक द्यायची, याचं गणित तू मला समजावून सांगावंस असं आहे. 'कागज के फूल'ला फिल्मफेअर मिळालं आणि 'साहिब बीबी'लाही. पहिला तर पडलेला चित्रपट. इतका पडला की त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा लावलं नाही.

आणि १० ऑक्टोबर १९६४. गुरुदत्त गेला. एकोणचाळीस वर्षांचा. मूर्तींची तेव्हा चाळिशी नुकती उलटलेली. म्हणजे तुझ्यापेक्षा लहान.

मी नेहमी या जागी थांबतो. दहा-बारा वर्षं एकाच माणसाच्या डोक्यातलं चित्र आपल्या हातांनी पडद्यावर उतरवायचं, त्याने अर्धं वाक्य बोलायचं आणि आपण उरलेलं दिव्यांनी पुरं करायचं, आणि एक दिवस ते अर्धं वाक्य बोलणाराच नाही. तू परवा जे सांगत होतास ना, "आता मला कोण सांगणार की इथे जास्त झालंय", ते ऐकताना मला हेच आठवलं.

यानंतरचे मूर्ती लेखांमध्ये सापडत नाहीत. सगळे १९६२ च्या 'साहिब बीबी'वरून थेट फाळके पुरस्कारावर उडी मारतात. मधे माणूस काय हिमालयात गेला होता? दिग्दर्शक प्रमोद चक्रवर्तींबरोबर त्यांनी १९६६ चा 'लव्ह इन टोकियो' केला, 'नया जमाना' केला, १९७३ चा 'जुगनू' केला. रंगीत, गाणीबजावणी, तिकीटबारीवरचे चित्रपट. या आठवड्यात मी त्यातले दोन पुन्हा लावून बसलो. खोटं कशाला बोलू, तो अंधार तिथे नाही. तेव्हाच्या रंगीत फिल्मला उजेडच जास्त लागायचा आणि स्टारचा चेहरा काळोखात ठेवलेला कुठल्या निर्मात्याला चालला असता? पण काम चोख आहे. हिरोईनचा क्लोजअप आला की कळतं, दिवा कुणीतरी जाणत्याने ठेवलाय. पूर्वी मला या चित्रपटांचा राग यायचा. एवढा मोठा माणूस आणि हे काय करत बसला, असं वाटायचं. आता मी पंधरा वर्षं लग्नं शूट करतोय, तेव्हा राग यायचा बंद झालाय. नवरीच्या आईला "जरा इकडे उजेडात या" म्हणताना मीही काही झोत शोधत नसतो, पण वाईट फोटो देत नाही.

आता ज्यासाठी एवढी पानं खर्च केली ते. गोविंद निहलानी हे मूर्तींचे सहाय्यक. बंगळूरच्या त्याच पॉलिटेक्निकमधून १९६२ साली शिकून बाहेर पडलेले. पुढे ते स्वतः नावाजलेले कॅमेरामन झाले, मग दिग्दर्शक. त्यांनी फाळणीवर 'तमस' केलं, १९८८ साली दूरदर्शनवर आलं ते, तेव्हा त्याच्या छायांकनात निहलानींच्या जोडीला मूर्ती होते. गुरू शिष्याच्या सेटवर! त्याच वर्षी श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' सुरू झाली, तिचा कॅमेराही यांचाच. त्रेपन्न भाग. पासष्टीला टेकलेला माणूस, सिनेमास्कोपचा पडदा पाहिलेला, आता वीस इंची टीव्हीसाठी दिवे लावतोय. आपण दोघं तेव्हा चाळीत पाटलांच्या टीव्हीसमोर मांडी घालून बसलेलो असायचो, अ‍ॅंटेना फिरवायची पाळी कायम माझी. समोरचा उजेड कुणाचा आहे हे कुणाला माहीत होतं?

तुझ्या दोन नाकारलेल्या कामांतलं एक कुणाचं होतं ते तू ओझरतं सांगितलंस. तुझ्या हाताखाली पाच वर्षं फोकस सांभाळलेला तो अकोल्याचा पोरगा, आता स्वतःची मालिका करतोय. "काल माझ्या केबली गुंडाळत होता, आज मला सांगणार का लाइट कुठे ठेवू," असं तू म्हणालास. फोनवर मी गप्प बसलो. लिहिताना गप्प बसत नाही. हे बोलणं तुझं नव्हतं, सर गेल्याच्या दुःखाचं होतं, असं मी धरून चालतोय. सरांचं अर्धं वाक्य ऐकत तो पोरगा तुझ्याच बाजूला उभा असायचा की नाही? मग "इथे जास्त झालंय" हे त्यालाही कळत असणार. कदाचित तुला तोंडावर सांगायची त्याची हिंमत व्हायची नाही, ती आता त्याला द्यावी लागेल. मी तर लाइन सोडलेला माणूस, मला काय अधिकार, असं म्हणशील. लोकांना मी सांगतो की एका निर्मात्याने चार महिन्यांचे पैसे बुडवले म्हणून सोडली. ते खरंच आहे, पण पैसे तुझेही बुडाले होते त्याच चित्रपटात. तू राहिलास.

मूर्तींचं उरलेलं थोडकंच. सत्तरीच्या तोंडावर त्यांनी आपल्या मुलखाच्या भाषेत, कन्नडमध्ये, 'हूवू हण्णू' केला. आणि २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तो २०१० च्या मार्चमध्ये प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते त्यांनी घेतला. शहाऐंशी वर्षांचे होते. पुरस्कार १९६९ पासूनचा, आणि तोपर्यंत निव्वळ कॅमेरामन असलेल्या कुणालाच मिळालेला नव्हता! फाळके स्वतः फोटोग्राफर. 'राजा हरिश्चंद्र'चा कॅमेरा त्यांनी आपल्या मित्राला, त्र्यंबक तेलंगांना शिकवला आणि त्यांच्या हाती दिला. त्या फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार कॅमेऱ्यामागच्या माणसापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली. मूर्ती २०१४ च्या एप्रिलमध्ये बंगळूरला गेले.

पाऊस थांबलाय आणि दारात एक म्हातारबाबा छत्री झटकत उभे आहेत, आधारसाठी फोटो पाहिजे म्हणतात. तेव्हा आवरतो. उद्या सकाळी त्या पोराला फोन लाव. त्याने आधीच दुसरा कुणी घेतला असेल तर तेही मला कळव, नाहीतर मी इथे अंदाज बांधत बसेन. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
दिन्या

ता. क. मामी ऐंशीची झाली. गेल्या महिन्यात तिच्याकडे जेवायला गेलो तर ताट वाढतावाढता म्हणाली, "कपाटाचा आरसा कोपऱ्यात फुटला तो तुम्ही दोघांनीच ना रे?" मी तुझं नाव सांगितलंय.