पिझ्झाची तुलना वरून नको, तळापासून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पिझ्झाच्या निरनिराळ्या प्रकारांची तुलना करणारा लेख आला होता. तो आवडीने वाचला. पण त्यात प्रत्येक प्रकाराची ओळख करून दिली होती ती त्याच्यावर काय पसरले आहे यावरून: इथे तुळस, तिथे पेपरोनी, आणखी कुठे अननस. याच मापाने लेखकाने मोठ्या कंपन्यांचा चेन-पिझ्झाही मोजला आणि आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पर्याय मिळतात, म्हणजे तो सुधारला, असा निकाल दिला. हा निकाल मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

मी मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होतो. निवृत्त झालो तेव्हा चीफ कुक होतो. जहाजावर ब्रेड गॅलीतच, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातच, भाजावा लागतो, त्यामुळे मैदा, यीस्ट आणि ओव्हन यांच्याशी रोजची गाठ. शनिवारी रात्री खलाशांना पिझ्झा हवा असायचा. तो मी लोखंडी ट्रेमध्ये लावायचो, कारण जहाज डोलत असताना गोल पिझ्झा फळीवरून ओव्हनमध्ये सरकवणे शक्य नसते. बंदराला लागून किनाऱ्यावर जायला मिळाले की त्या गावातला पिझ्झा शोधायचा हा माझा नेम होता. तुकडा हातात आला की आधी तो उलटा करून त्याचा तळ बघायचो. भट्टी कोणती होती, किती तापली होती, खाली दगड होता की पत्रा, पीठ किती वेळ मुरले होते, हे सगळे तिथे उमटलेले असते. वरच्या भाज्या आणि मांस कुठल्याही पिझ्झावर घालता येते. तळ मात्र ज्याचा त्याचाच असतो.

इटलीतल्या नेपल्सचे उदाहरण घ्या. बंदरातून चालत गेले की जुन्या शहराच्या गल्ल्या लागतात. तिथल्या पिझ्झावाल्यांच्या संघटनेने 1984 पासून आपले नियम घालून दिले आहेत. पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट, एवढेच. तेल नाही, साखर नाही. भट्टी मुळात लाकडाची, साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली, आणि पिझ्झा भाजून निघतो तो साठ ते नव्वद सेकंदांत. इतक्या कमी वेळात मधला भाग वाळत नाही, तो ओलसर आणि लुसलुशीत राहतो. कडा मात्र फुगते आणि तिच्यावर काळे ठिपके उठतात. काहींना तो ओला मध्यभाग कच्चा वाटतो. तो कच्चा नसतो, त्या आचेचा तो स्वभाव आहे. 2017 मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतली ती नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांची कला. कुठल्या टॉपिंगचा त्यात मान नव्हता; पीठ हाताळणे आणि भट्टी सांभाळणे यांचा होता.

आता हेच नेपल्सचे पीठ घरच्या ओव्हनमध्ये अडीचशे अंशांवर टाकून पाहा. रंग येईपर्यंत ते वाळून कडक होते. म्हणून कमी आचेवर भाजणारे पिठात थोडे तेल आणि थोडी साखर घालतात. साखरेने रंग लवकर चढतो, तेलाने आतला भाग मऊ राहतो. भट्टी बदलली की पीठ बदलावे लागते, आणि पीठ बदलले की प्रकारच बदलतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि चेन-पिझ्झाचा सगळा इतिहास याच वाक्यात बसतो.

न्यूयॉर्कमध्ये हेच घडले. तिथे लोम्बार्डीचे दुकान 1905 पासून पिझ्झा विकत होते, तो कोळशाच्या भट्टीतला. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसच्या सपाट तळाच्या भट्ट्या सर्वत्र झाल्या. त्यांची आच लाकडाच्या भट्टीपेक्षा बरीच कमी, म्हणून भाजायला काही मिनिटे जास्त. त्यामुळे तळ कोरडा, चिवट आणि तरी दुमडता येण्याइतका लवचीक. चीजही ताजे ओले मोझरेला चालेना, कमी पाण्याचे मोझरेला आले. उभ्या उभ्या दुमडून खायचा तो मोठा त्रिकोणी तुकडा असा भट्टीतून जन्माला आला. साध्या चीजचा असा तुकडा माझ्या आवडीत दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि त्याच्यावर काहीही वाढवू नये असे माझे ठाम मत आहे.

पहिला क्रमांक डेट्रॉइटचा. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या लेखात त्याला ‘चौकोनी जाड पिझ्झा’ एवढ्यावरच सोडून दिले होते. समुद्रातली मालवाहू जहाजे सेंट लॉरेन्सच्या जलमार्गाने थेट ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या मोठ्या सरोवरांत, जातात. पोलादाचा माल उतरवायला आमचे जहाज डेट्रॉइटला लागले होते, तेव्हा मी तो पहिल्यांदा खाल्ला. 1946 मध्ये बडीज नावाच्या खाणावळीत गस गेरा यांनी तो सुरू केला. मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायला वापरत असलेले निळसर पोलादाचे जड, खोलगट ट्रे त्यांनी पिझ्झाला लावले. पीठ सैल, भरपूर पाण्याचे; ते तेल लावलेल्या ट्रेमध्येच पसरून तिथेच फुगू द्यायचे. चीज विस्कॉन्सिनचे, ब्रिक नावाचे, लोण्यासारखे मऊ, आणि ते अगदी ट्रेच्या भिंतीपर्यंत पसरायचे. इथेच सगळे आहे. भिंतीला टेकलेले चीज वितळून खाली उतरते, पीठ आणि तापलेले पोलाद यांच्यामध्ये तळले जाते आणि चारही बाजूंनी तपकिरी, कुरकुरीत, किंचित कडवट अशी कडा धरते. सॉस वरून, पट्ट्यापट्ट्यांनी, म्हणजे त्याच्या पाण्याने पीठ बसत नाही. कोपऱ्याच्या तुकड्याला दोन कडा मिळतात, त्यामुळे टेबलावर कोपऱ्यांसाठी भांडणे होतात. आमच्या बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, दोन कोपरे उचलले होते आणि फिटरने ते जहाजावर परत येईपर्यंत त्याला ऐकवले होते.

त्यानंतर गॅलीतल्या माझ्या ट्रेमध्येही मी चीज भिंतीपर्यंत न्यायला लागलो. ब्रिक चीज मिळत नसे, मोझरेलात चेडर मिसळायचो. ट्रे जड हवा. पातळ ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ती कडा येत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

शिकागोच्या खोल पिझ्झाबद्दल मला फारसे लिहायचे नाही. 1943 मध्ये पिझ्झेरिया उनोमध्ये तो सुरू झाला. खाली चीज, वर सॉस, अर्धा तास किंवा त्याहून जास्त भाजणे. चवीला चांगला, पण माझ्या दृष्टीने तो काटा-चमच्याने खायचा, सारण भरून भाजलेला ‘पाई’ आहे. त्याच शहरात दारूच्या गुत्त्यांमधून मिळणारा, कुरकुरीत पातळ तळाचा आणि चौकोनी तुकडे केलेला पिझ्झा मला जास्त आवडला, आणि शिकागोची माणसे घरी बहुधा तोच मागवतात असे गोदीतले कामगार सांगत.

आता चेन-पिझ्झा. पिझ्झा हट 1958 मध्ये विचिटा गावात कार्नी बंधूंनी काढले, डॉमिनोज 1960 मध्ये मोनाहन बंधूंनी मिशिगनच्या इप्सिलँटीत. सुरुवातीला ही दोन दुकानेच होती, आणि दुकानाला असतो तसा त्यांचा स्वतःचा हात होता. पिझ्झा हटने 1980 मध्ये आणलेला पॅन पिझ्झा हा माझ्या मते खराखुरा स्वतंत्र प्रकार होता. काळ्या खोल पॅनमध्ये सढळ हाताने तेल, त्यात पिठाचा गोळा, पॅनमध्येच फुगलेला. भाजताना तळ त्या तेलात तळला जाई आणि आतून जाळीदार, हलका राही. लाल छपराखाली बसून तो पॅनमधून थेट ताटात येई. खलाशी म्हणून आम्ही कित्येक बंदरांत त्या लाल छपराकडे वळलो, आणि मी त्या तळाला नाव ठेवू शकत नाही. चेन म्हणजे वाईटच, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, हे म्हणून आवर्जून लिहितो.

मग बदलले काय? एक, भट्टी. दगडी तळाच्या भट्टीपाशी माणूस लागतो: कुठला कोपरा जास्त तापलाय, कुठला पिझ्झा फिरवायचा, हे त्याला कळावे लागते. 1980 च्या दशकात साखळ्यांनी सरकत्या पट्ट्याचे ओव्हन घेतले. वरून-खालून गरम हवेचे झोत, पट्ट्यावर पिझ्झा एका टोकाने आत आणि सहा-सात मिनिटांनी दुसऱ्या टोकाने बाहेर. नवशिक्या मुलालाही तो चालवता येतो आणि कुठल्याही दुकानात निकाल सारखा येतो. हा फायदा मी नाकारत नाही. पण हवेचा झोत वरचे चीज जितक्या लवकर रंगवतो तितक्या लवकर तळ शेकत नाही. तापलेला दगड जे पहिल्या मिनिटात करतो, ते जाळीच्या पट्ट्यावर होत नाही.

दोन, पीठ. ते मोठ्या मध्यवर्ती कारखान्यांतून थंड करून किंवा गोठवून दुकानात येऊ लागले. थंडाव्यात सावकाश मुरलेले पीठ उत्तम होऊ शकते, त्यात दोष नाही. दोष आहे तो प्रत्येक दुकानाला एकाच वेळापत्रकाने ते वापरावे लागण्यात. पीठ अजून तयार नाही हे बोटाला कळत असले, तरी ऑर्डर थांबत नाही.

तीन, घरपोच देणे. डॉमिनोजची तीस मिनिटांची हमी 1970 च्या दशकात सुरू झाली आणि 1993 मध्ये, एका अपघाताच्या खटल्यात ज्यूरीने प्रचंड भरपाई ठोठावल्यावर, अमेरिकेत बंद झाली. हमी गेली, पण तिने लावलेली सवय राहिली: पिझ्झा म्हणजे खोक्यातून येणारी वस्तू. बंद पुठ्ठ्याच्या खोक्यात पिझ्झाची स्वतःचीच वाफ त्याच्या तळाला भिजवते. झाकण चीजला चिकटू नये म्हणून मध्ये ठेवतात त्या तीन पायांच्या छोट्या प्लास्टिकच्या तिवईचे पेटंट 1985 मध्ये कार्मेला व्हिताले या बाईंना मिळाले. वरच्या चीजची काळजी घेणारे उपकरण निघाले आणि जगभर पोचले. तळाखाली हवा खेळती ठेवणारे काही तितके पसरले नाही. या धंद्यात कुणाचे लक्ष कुठे होते, ते यावरून दिसते.

2009 च्या अखेरीस डॉमिनोजने आपल्याच जाहिरातीत गिऱ्हाइकांची टीका दाखवली, तळ पुठ्ठ्यासारखा लागतो ही तक्रारसुद्धा, आणि कृती बदलली. सॉस झणझणीत झाला, चीज बदलले, कडेला लसूण आणि सुगंधी वनस्पतींची चव आली. एवढ्या मोठ्या कंपनीने असे उघडपणे मान्य करणे मला मनापासून आवडले आणि चव निश्चित सुधारली. तरीही पुठ्ठ्याच्या तक्रारीवर उत्तर आले ते मुख्यतः कडेला लावलेल्या लसणीच्या मसाल्याचे. 1995 मध्ये पिझ्झा हटने कडेच्या आत चीज भरले, तेव्हापासूनच कड ही पिठाची जागा न राहता भरणाची जागा झाली होती. नेपल्सचा कारागीर ज्या कडेवरून आपले पीठ तपासतो, तीच झाकली गेली.

2020 मध्ये पिझ्झा हटची अमेरिकेतली सर्वांत मोठी फ्रँचायझी कंपनी, म्हणजे परवान्याने त्या नावाची दुकाने चालवणारी कंपनी, दिवाळखोरीत गेली आणि सुमारे 300 दुकाने बंद करण्याचे ठरले, त्यांतली बहुतेक बसून खाण्याची. म्हणजे पॅनमधून थेट ताटात येणारा पिझ्झाच कमी झाला. आणि पुढच्याच वर्षी कंपनीने डेट्रॉइट पद्धतीचा पिझ्झा बाजारात आणला. इतरांनीही न्यूयॉर्क वगैरे शहरांची नावे घेतली. आपल्या लेखकाला ‘पर्याय वाढले’ असे वाटते ते यामुळे.

अलीकडेच एका साखळीचा, नाव लिहीत नाही, ‘डेट्रॉइट’ पिझ्झा मागवला. आकार चौकोनी, सॉस पट्ट्यापट्ट्यांनी, अगदी छायाचित्रातल्यासारखा. सवयीने तुकडा उलटा केला. तळ पांढुरका आणि दमट. चीज कडेपासून बोटभर आत थांबलेले, कडेला तपकिरी रेघसुद्धा नाही. डेट्रॉइटचा आकार घेतला आणि ज्या पोलादाने आणि ज्या कडेने तो प्रकार झाला, तेवढे सोडून दिले. याला मी नवा पर्याय म्हणत नाही.

म्हणून आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. पुढच्या वेळी तुलना कराल तेव्हा सगळीकडून फक्त साधा चीज पिझ्झा घ्या, टॉपिंगशिवाय. एक तुकडा भट्टीतून निघाल्याबरोबर खा, दुसरा अर्धा तास खोक्यात ठेवून. दोन्हींच्या तळाचे छायाचित्र छापा. आणि दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: पीठ कधी मळले आणि कशावर भाजले? चेन असो वा एकट्याचे छोटे दुकान, ही दोन उत्तरे त्यांनी मेनूवर पदार्थांच्या नावाशेजारी छापावीत अशी माझी मागणी आहे. टॉपिंगची यादी दोन पानांची असते, तिथे आणखी एक ओळ सहज मावेल.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त जहाजी चीफ कुक