भामरागडची मुलं छायाचित्रणाच्या वर्गात का पोहोचत नाहीत?

महोदय,

मागच्या महिन्यात एका कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन पाहिलं. छायाचित्रांच्या दालनात निम्मे फोटो आमच्या गडचिरोलीचे. आठवडी बाजारातली माडिया आदिवासी आजी, तिच्या कपाळावरचं गोंदण, मोहफुलं वेचणारी पोरं. फोटो सुरेखच होते. खालची नावं मी एकेक करून वाचली. आत्राम, मडावी, उसेंडी, पुंगाटी असं आमच्याकडचं एकही आदिवासी आडनाव दिसलं नाही. तिथल्या प्राध्यापकांना विचारलं तर म्हणाले, त्या भागातून अर्जच येत नाहीत.

अर्ज का येत नाहीत, हे कुरखेडा-धानोरा भागात 26 वर्षं चित्रकला शिकवताना मी पाहिलंय. या वाटेची सुरुवात एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शाळेतल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांपासून होते. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आली की दहावीला 7 गुण वाढतात, म्हणून शहरातल्या शाळा मुलांना आवर्जून बसवतात. ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही, तिथल्या पोराच्या कानावर स्मरणचित्र, संकल्पचित्र हे या परीक्षांतले शब्दही पडत नाहीत. त्याच्या घरी लाकडी फण्यांवर नक्षी कोरतात, हात तर लहानपणीच तयार झालेला असतो! पुढे बारावीनंतर कला महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आणि विदर्भात शासकीय चित्रकला महाविद्यालय एकच, नागपूरला. भामरागडहून सुमारे 350 किलोमीटर.

माझा एक विद्यार्थी तिथवरचे सगळे अडथळे पार करून उपयोजित कलेला, म्हणजे जाहिरात-मांडणीच्या कलेच्या अभ्यासक्रमाला लागला. छायाचित्रणाचा विषय आला तेव्हा त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. मित्राचा कॅमेरा मित्राचं काम उरकल्यावर, संध्याकाळी हाती यायचा. उन्हातली कामं राहूनच गेली. वर्ष वाया गेलं, पोरगा घरी परतला. आज वडशाला एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम लावतो. त्याची नजर मी ओळखतो, म्हणून फार वाईट वाटतं. आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या शासनाच्या स्वयम् योजनेचे पैसे त्यातच संपतात, मग कॅमेरा कुठून येणार?

महाविद्यालयांनी ग्रंथालयातलं पुस्तक देतात तसा कॅमेरा सहीवर घरी न्यायला द्यावा. कला संचालनालयाने आश्रमशाळांत ग्रेड परीक्षेची केंद्रं द्यावीत. गडचिरोली, अहेरी आणि भामरागडच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी सीईटीचे अर्ज मुलांकडून भरून घ्यावेत.

सध्या नववीतली एक गोंड मुलगी रविवारी माझ्याकडे शिकायला येते. तिला यंदा इंटरमिजिएटला बसवायचंय. जवळचं केंद्र 40 किलोमीटरवर आहे, आणि गावातून सुटणारी सकाळची एसटी पेपर सुरू झाल्यावर तिथे पोहोचते.

— एक निवृत्त कलाशिक्षक, कुरखेडा, जि. गडचिरोली