वास्कोची भुकटी आणि कोरब्याची वीज

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी वास्कोत राहते. सकाळी बाल्कनीची लादी पुसली की फडकं काळं, संध्याकाळी परत पुसलं तरी काळं, आणि सासूबाईंना दमा आहे त्यामुळे ऊन असो की पाऊस आमच्या खिडक्या बंदच. बंदरात उतरणारा कोळसा कुळेमार्गे घाट चढून कर्नाटकातल्या स्टील प्लांटना जातो, गोव्याच्या वाट्याला फक्त धूळ. २०२० च्या नोव्हेंबरात कोळशासाठी रेल्वेचा डबल ट्रॅक नको म्हणून चांदरला लोक रात्री रुळांवर जमले, मग २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅसलरॉक ते कुळे डबल ट्रॅकला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तेव्हा आम्ही घरी गोड केलं होतं.

पण एक गोष्ट हल्ली डोक्यातून जात नाही. गोव्यात कोळशावरचं पॉवर स्टेशन नाही हे आपण अभिमानाने सांगतो, अहो पण आपली वीज येते कुठून? छत्तीसगडचं कोरबा, मध्य प्रदेशचं विंध्याचल, अशा कोळशावर चालणाऱ्या प्लांटमधनं. म्हणजे माझा एसी चालतो तेव्हा तिकडे कोणाच्या तरी बाल्कनीत राख पडते आणि तिथेही कोणाच्या तरी सासूबाईंना दमा असणारच ना.

ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये भारताने २०७० पर्यंत नेट झिरोचा, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेण्याचा, शब्द दिला आणि कोळसा एकदम बंद नको, हळूहळू कमी करू असं लावून धरलं, त्यावर बाहेरच्यांनी टीका केली. मला ती पटली नाही, आपल्याकडे माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड आणि अमेरिकेत १४ च्या आसपास, शिवाय खाणीवरच्या कामगारांची घरं त्याच पगारावर चालतात, त्यांनी उद्या खायचं काय? पण हे गरीब देशाचं कारण आपण गोंयकारांनी सांगू नये. देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज आपण वापरतो, कोळशाची वीज कमी करणं आपल्याला जमत नसेल तर कोळशाच्या खाणींवर जगणाऱ्या झारखंडला कोणत्या तोंडाने सांगणार?

गच्चीवर सोलर पॅनल बसवायला केंद्राच्या सूर्यघर योजनेत घराला ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटमागे १८,०००. आमच्या सोसायटीत मी दोन वर्षं हा विषय काढतेय, गच्ची कोणाची, लिकेज झालं तर खर्च कोणाचा, इथेच गाडी अडते. पुढची मीटिंग चवथीनंतर आहे. वास्कोत कुठल्या सोसायटीने हे केलं असेल तर त्यांचा अनुभव, खर्चासकट, कृपया छापा, मी कात्रण घेऊन मीटिंगला जाईन.

- एक वाचक, वास्को