शिक्षकांना डेमो मिळतो, सूचना मिळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोपरखैरण्यातील एका अनुदानित मराठी शाळेत मी गेली १९ वर्षे गणित शिकवते. शाळेत तंत्रज्ञान असावे की नसावे, या वादात मला पडायचे नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण अ‍ॅपवरचा भूमितीचा व्हिडिओ लावला, की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात, हे मी पाहते आहे. माझी तक्रार वेगळी आहे. शाळांना अ‍ॅप, डिजिटल फळे आणि गुणनोंदीच्या प्रणाली विकणाऱ्या कंपन्या करार होईपर्यंत शिक्षकांशी भरभरून बोलतात. पुढे खरोखर काही सांगण्याची वेळ येते, तेव्हा त्यांना शिक्षक आठवत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने हजेरी आणि गुणनोंदीसाठी एक अ‍ॅप घेतले. करारापूर्वी कंपनीचे प्रतिनिधी चार वेळा आले, शिक्षक कक्षात प्रोजेक्टर लावून डेमो दिला आणि प्रत्येकीचा मोबाइल क्रमांक लिहून नेला. (वाढदिवसाच्या शुभेच्छा अजूनही न चुकता येतात.) गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी, प्रथम सत्राच्या संकलित मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्र परीक्षेच्या, ऐन आठवड्यात, एका सकाळी अ‍ॅपचे रूपच पालटलेले दिसले आणि जूनपासून भरलेल्या आकारिक मूल्यमापनाच्या (वर्गातल्या नेहमीच्या कामावर दिलेल्या गुणांच्या) नोंदी कुठेच सापडेनात. मदत क्रमांकावर हिंदी हवी की इंग्रजी एवढेच विचारले गेले, मग हे बटण दाबा, ते दाबा, आणि शेवटी तक्रार नोंदवल्याचा संदेश. चॅटबॉटने पासवर्ड बदलून पाहायला सांगितले. दहा-बारा दिवस आम्ही शाळा सुटल्यावर बसून कागदी नोंदवह्यांवरून गुण पुन्हा भरत होतो. नंतर कळले, की नोंदी पुसल्या गेल्याच नव्हत्या. त्या नव्या मेनूत दुसऱ्या नावाखाली हलवल्या होत्या, आणि तसा ई-मेल तीन आठवडे आधी संस्थेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर येऊन पडला होता. ई-मेल इंग्रजीत होता, सुरुवातीचे चार परिच्छेद नव्या रूपाच्या कौतुकाचे होते आणि आमच्या कामाची ओळ तळाशी होती. लिपिकांनी तो जाहिरात समजून बाजूला ठेवला, यात मला त्यांचा दोष दिसत नाही. या सगळ्या काळात फाटकापाशी थांबलेल्या पालकांना उत्तरे देत होत्या त्या वर्गशिक्षिका, ज्यांना स्वतःलाच काही ठाऊक नव्हते.

कळवण्याची पद्धत किती निरनिराळी असू शकते, याची दोन ढळढळीत उदाहरणे आहेत. जगभरातील शिक्षक वर्गाशी संपर्क ठेवायला आणि साहित्य साठवायला वापरत असलेले एडमोडो हे संकेतस्थळ २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाले आणि ते बंद होणार ही घोषणा झाली त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. वर्षानुवर्षे जमवलेले साहित्य उतरवून घ्यायला जेमतेम महिना. याउलट गुगलने जॅमबोर्ड हा आपला ऑनलाइन फळा बंद करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केला, १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर तयार केलेले फळे फक्त पाहता येतील आणि ३१ डिसेंबर २०२४ नंतर ते उघडणार नाहीत, हे तारखांसह सांगितले आणि पर्यायी साधनेही सुचवली. निर्णय पटला नाही, तरी तयारीला सव्वा वर्ष मिळाले.

आपल्याकडे शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते, पहिले सत्र दिवाळीला संपते, आणि मार्च-एप्रिलमध्ये कोणाला मान वर करायलाही सवड नसते. मोठा बदल करायचाच असेल, तर मे महिना आहे, दिवाळीची सुट्टी आहे. एवढे कळायला कुणाला संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. एका शिक्षकाला फोन करून विचारले तरी पुरे.

भाषेचा मुद्दा मी केवळ अस्मितेपोटी मांडत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय असला पाहिजे, आणि त्या अनुसूचीत मराठी आहे. १८ वर्षांखालील प्रत्येकाला हा कायदा बालक मानतो आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. ही मुदत संपण्याची वाट न पाहता कंपन्यांनी आतापासूनच मराठीत लिहायला सुरुवात केली, तर कोणाची हरकत असेल? आज होते असे, की संमतीची इंग्रजी लिंक आमच्या हाती दिली जाते आणि ती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याचे काम आमच्याकडे येते. तुर्भ्याच्या बाजारात पहाटेपासून माथाडी काम करणाऱ्या बापाने त्यावर बोट टेकवले, तर ती संमती कशाला दिली, हे त्याला आम्ही काय समजावणार? आम्हीच ती पूर्ण वाचलेली नसते.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांना माझी विनंती आहे, की आपल्या शाळांसाठी अशी प्रणाली घेताना करारात उपकरणांची संख्या आणि हमीचा काळ लिहिला जातो, तसेच बदलाची पूर्वसूचना किती दिवस आधी, मराठीत आणि थेट वापरणाऱ्या शिक्षकांना दिली जाईल, हेही लिहून घ्यावे. सेवा बंद पडल्यास साऱ्या नोंदी साध्या एक्सेल फाइलमध्ये परत मिळतील, ही अटही त्यातच असावी. खासगी संस्थांना मग तोच मसुदा वापरता येईल.

आमच्या संस्थेच्या कराराचे नूतनीकरण येत्या मार्चमध्ये आहे. या अटींचे पत्र आम्ही मुख्याध्यापकांमार्फत कंपनीला पाठवले आहे. त्याचे उत्तर अद्याप नाही. नव्या डिजिटल फळ्याच्या डेमोसाठी वेळ मागणारा फोन मात्र येऊन गेला.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, कोपरखैरणे, नवी मुंबई